बीड जिल्ह्यातील तरुण पिढी आणि वसतिगृह : एक ऐतिहासिक विवेचन

एखाद्या प्रदेशातील तरुण पिढीपुढे कोणत्या अडचणी होत्या व कोणत्या संधी तिला लाभल्या, या प्रश्नाचा विचार करताना आपण सामान्यतः शाळांची संख्या, साक्षरतेचे प्रमाण आणि नोकऱ्यांची उपलब्धता या तीन गोष्टींकडे पाहतो. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. तथापि, बीड जिल्ह्याच्या गेल्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, येथील तरुणांचे भवितव्य ठरविणारी संस्था केवळ शाळा ही नव्हे. शाळेत शिकत असताना मुलाने राहावे कोठे व जेवावे कोठे, हा प्रश्न ज्या पिढीत ज्या वर्गापुरता सुटला, त्या पिढीत त्या वर्गाची मुले पुढे आली. ज्यांच्यापुरता तो सुटला नाही, त्यांच्या गावात शाळा असूनही ती मागे राहिली. सारांश, या जिल्ह्यात संधीचे खरे द्वार शाळेइतकेच, किंबहुना शाळेहूनही अधिक, वसतिगृह हे ठरले आहे. प्रस्तुत लेखात हे विधान निजामी राजवटीपासून आजपर्यंतच्या घटनाक्रमाच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे.

(१) भूमी आणि मार्ग

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी होती. उत्तरेस गोदावरी नदी ही जिल्ह्याची सीमा होय. बालाघाटची डोंगररांग जिल्ह्यातून पूर्वपश्चिम गेलेली असून तिच्यामुळे जिल्ह्याचे दोन स्वाभाविक विभाग पडतात. गोदावरी व सिंदफणा यांच्या खोऱ्यातील गेवराई, माजलगाव या तालुक्यांची काळी, सखल जमीन हा एक विभाग; आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर या बाजूचा उंच, मुरमाड व पर्जन्यछायेतील डोंगरपट्टा हा दुसरा. मांजरा नदीचा उगम या दुसऱ्या विभागात पाटोदा तालुक्यात होतो. पण तिचे मोठे धरण धनेगाव येथे, म्हणजे नदी बरीच खाली उतरून आल्यावर झाले आहे. ज्या डोंगरावर नदी उगम पावते तेथील शेतास तिचा लाभ क्वचितच होतो. पुढे ज्या स्थलांतराचा विचार करावयाचा आहे ते मुख्यतः याच डोंगरपट्ट्यातून होते, हे येथे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

दळणवळणाच्या बाबतीतही हा जिल्हा दीर्घकाळ कडेला राहिला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाली. पण ती नदीच्या पलीकडून, औरंगाबाद, जालना व परभणी या मार्गाने गेली. दक्षिणेकडून बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली, तीही जिल्ह्याच्या बाहेरून. जिल्ह्याच्या पूर्व टोकास परळी वैजनाथ येथे निजामाच्या काळातच रेल्वे आली खरी. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठाणे जे बीड, तेथे प्रवासी गाडी सुरू होण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. ज्या प्रदेशात मुख्य ठाण्यास जाणे हीच एक अडचण होती, तेथे खेड्यातील मुलाने घरून निघून रोज माध्यमिक शाळेत जाऊन परत येणे कितपत शक्य होते, याची कल्पना यावरून येईल. शिक्षण म्हणजे घर सोडणे, हे समीकरण येथे भूगोलानेच घालून दिले होते.

(२) निजामी राजवट आणि भाषेची भिंत

बीड, अथवा तत्कालीन सरकारी कागदपत्रांतील ‘भीर’, हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा एक जिल्हा होता. संस्थानाच्या दरबारी व्यवहारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरविले. एका भारतीय भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा हा प्रयोग विद्येच्या दृष्टीने मोठा होता आणि त्याचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या मुलाची घरची भाषा मराठी, त्याच्या दृष्टीने त्या प्रयोगाचा अर्थ निराळा होता. प्राथमिक शाळेत मिळविलेले मराठीचे ज्ञान पुढच्या पायरीवर निरुपयोगी ठरे. सरकारी नोकरीची आकांक्षा धरावयाची तर प्रथम परक्या लिपीचा व भाषेचा डोंगर चढावा लागे. शहरातील वतनदार, वकील अथवा कारकून यांच्या मुलांना ते साधे. कुणब्याच्या वा महारवाड्यातील मुलाला साधत नसे.

त्याच सुमारास शेजारच्या मराठी मुलखात काय चालले होते हे पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रारंभ केला होता. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे शाहू बोर्डिंग सुरू केले. दोन्ही ठिकाणी आरंभ झाला तो राहण्याजेवणाच्या व्यवस्थेपासून. खेड्यातील बहुजन समाजाच्या मुलाला शिकवावयाचे तर शिक्षकाच्या आधी भाकरीची सोय लागते, हे या दोन्ही पुरुषांनी ओळखले होते. निजामी मराठवाड्यात मात्र खासगी शाळांवर सरकारी परवानगीचे आणि सभासंमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ सारख्या हुकुमांचे दडपण असल्यामुळे अशा कार्यास फारच थोडी जागा उरली.

(३) राष्ट्रीय शाळा आणि विद्यार्थ्यांची चळवळ

उरलेल्या थोड्या जागेतच राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयत्न झाला. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे जी राष्ट्रीय शाळा निघाली ती निवासी स्वरूपाची होती. शिक्षक व विद्यार्थी एकत्र राहत. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले व्यंकटेश खेडगीकर हे तरुण गृहस्थ १९२९ मध्ये या शाळेत आले. संन्यास घेतल्यावर स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ते सर्वत्र परिचित झाले. १९३५ मध्ये स्वामीजी व बाबासाहेब परांजपे प्रभृती त्यांचे सहकारी अंबेजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाचे काम त्यांनी अंगावर घेतले. अंबेजोगाई, म्हणजे निजामी काळातील मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचे जुने ठाणे. त्या लष्करी गावाला विद्येचे गाव म्हणून जी प्रतिष्ठा आली, तिचा एक मोठा वाटा या शिक्षकांचा आहे.

या शिक्षकांचे वैशिष्ट्य असे की, ते स्वतः तरुण होते आणि सरकारी नोकरीच्या वाटेने त्यांना जावयाचे नव्हते. अल्प मानधनावर राहणारा, विद्यार्थ्यांत मिसळणारा व त्यांच्याकडून अभ्यासाइतकीच सार्वजनिक जीवनाची अपेक्षा करणारा शिक्षक हा मराठवाड्यातील मुलांना नवा होता. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी त्याच वर्षी शाळेचा निरोप घेऊन स्वतःस राजकीय कार्यास वाहून घेतले.

१९३८ च्या नोव्हेंबरात उद्भवलेली ‘वंदे मातरम्’ चळवळ ही या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तिचा प्रारंभ झाला तो औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत. प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्यास अधिकाऱ्यांनी बंदी केली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि त्यांना वसतिगृहांतून व पुढे शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. शिक्षा म्हणून प्रथम राहण्याची जागा हिरावून घेण्यात आली, हे लक्षणीय आहे. कारण वसतिगृह गेले म्हणजे शिक्षण गेले, हे अधिकारी व विद्यार्थी दोघेही जाणून होते. नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, यांपैकी अनेकांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीतील एक विद्यार्थी होत. संस्थानातील विखुरलेल्या गावांतून आलेली मुले एका छपराखाली राहिल्यामुळेच त्यांस आपली दुःखे समान आहेत हे उमगले. वसतिगृहाने केवळ विद्यार्थी घडविले असे नव्हे. त्याने एक पिढी घडविली.

(४) सत्तांतर आणि एका वर्गाची कोंडी

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामी राजवटीचा अंत झाला. रझाकारांच्या अत्याचारांतून प्रजेची मुक्तता झाली आणि मराठी भाषक तरुणांपुढील भाषेची भिंत कोसळली. हा मुक्तिसंग्रामाचा विजय होता, आणि १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा त्याच भावनेने पाळतो.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने या घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारवाईनंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्याच्या व कर्नाटकाच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगविले गेले, त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठविले होते. त्यातून जे वाचले त्यांच्या मुलांपुढे निराळी अडचण उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम सोडून इंग्रजीचा स्वीकार केला. कचेऱ्यांतील उर्दूचा व्यवहार बंद पडत गेला. बीड, अंबेजोगाई, परळी या गावांतील ज्या मुसलमान व हिंदू तरुणांनी उर्दूत प्रावीण्य मिळविले होते, त्यांची विद्या ऐन उमेदीत मोल गमावून बसली. एका पिढीपूर्वी मराठी मुलावर जो प्रसंग गुदरला होता तोच आता उर्दू शिकलेल्या मुलावर आला. मुक्तिसंग्रामावरील आपल्या ग्रंथांत या वर्गाची नोंद अपुरी आहे, व ती होणे अगत्याचे आहे.

(५) नवी महाविद्यालये आणि नवी दारे

१९५० हे मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासातील एक सीमाचिन्ह आहे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. नागसेनवनाच्या परिसरात महाविद्यालयाच्या जोडीनेच विद्यार्थ्यांच्या राहण्याची व्यवस्था करण्यात आली होती. बीडसारख्या जिल्ह्यातील दलित मुलास गावात पाणवठाही मोकळा नव्हता. शहरात भाड्याने खोली मिळणे तर दूरच. अशा मुलाच्या दृष्टीने महाविद्यालयाचा प्रवेश आणि वसतिगृहाचा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. मराठवाड्यातील दलित साहित्य व दलित चळवळ यांचे पुढारपण ज्या पिढीने केले, तिच्यातील अनेकजण या परिसरात वाढले. हा योगायोग नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांस शुल्कमाफीची योजना राज्य सरकारने सुरू केली. प्रारंभी ९०० रुपये व लवकरच १,२०० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तिला होती. अंबेजोगाई व बीड येथे महाविद्यालये निघाली. अंबेजोगाईस पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आले. उच्च शिक्षण जिल्ह्याच्या आवाक्यात आले, हे या काळाचे मोठे कार्य होय.

मात्र शुल्कमाफीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. शुल्क माफ झाले तरी जेवणाचा खर्च माफ होत नाही. ज्या शेतकऱ्याकडे चार एकर बागायत आहे तो मुलाला धान्याचे पोते पाठवू शकतो. ज्याची कोरडवाहू जमीन दोन वर्षांतून एकदा पिकते त्याला तेही शक्य होत नाही. म्हणून १९६० नंतरच्या शैक्षणिक विस्ताराचा लाभ प्रथम घेतला तो खोऱ्यातील व शहरांजवळच्या कुटुंबांनी. डोंगरपट्ट्यातील मुलांस शाळेच्या वाटेऐवजी दुसरीच वाट धरावी लागली.

(६) दुष्काळ, साखर आणि कोयता

ती वाट उसाच्या फडाची. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची मालिका उभी राहिली. ऊस पिकविणाऱ्या गावांना तोडणीसाठी हंगामी मनुष्यबळ हवे होते. बालाघाटच्या गावांना खरीप निघाल्यावर काम नव्हते. १९७० ते १९७३ च्या भीषण दुष्काळाने हा संबंध पक्का केला. त्या काळात खडी फोडणे, नाला बांध, रस्ते अशी कामे सरकारने काढली, सुकडी वाटली, आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. उपासमारीने होणारे मृत्यू टाळण्यात या योजनेने मोठे यश मिळविले. परंतु वर्षभराच्या खर्चास पुरेल अशी एकरकमी उचल सरकारी कामावर मिळत नव्हती; ती मुकादम देत होता.

ही पद्धती समजून घेतल्याशिवाय येथील तरुणांचा प्रश्न कळणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम कारखान्याकडून रक्कम घेऊन मजुरांना उचल देतो. उचल एकट्या माणसास क्वचित मिळते. नवरा-बायको मिळून जे जोडपे होते त्यास ‘कोयता’ म्हणतात व हिशेब कोयत्याचा होतो. टोळी कारखान्यावर जाते, फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहते, भल्या पहाटे तोडणीस लागते, मोळ्या बांधते, गाडी भरते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला म्हणजे टोळी गावी परत येते. उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. म्हणजे पुढील वर्षी जावे की न जावे, हा निर्णय मजुराच्या हाती उरत नाही.

आता शाळेचे वर्ष पाहा. ते जूनमध्ये सुरू होते व एप्रिलमध्ये संपते. मजुराचे मूल जूनमध्ये पटावर येते, दिवाळीनंतर नाहीसे होते आणि परीक्षा आटोपत आल्यावर परत येते. गावात शाळा आहे, शिक्षक आहे, पुस्तके मोफत आहेत. नाही ते फक्त मूल. शाळेचे वेळापत्रक व पोटाचे वेळापत्रक यांची ही विसंगती एखाद्या वर्षाची नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पैठणचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, माजलगावचे धरण झाले, उजव्या कालव्याने गेवराई-माजलगावकडे पाणी आले, जिल्ह्यातच साखर कारखाने निघाले. तरीही डोंगरपट्ट्यातील टोळ्यांचे बाहेर जाणे थांबले नाही. पाणी ज्या शेतात गेले ते शेत त्यांचे नव्हते, आणि मुकादमाची बाकी धरणाच्या पाण्याने फिटत नव्हती.

या विसंगतीवर उपाय म्हणून कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा काढण्यात आल्या व गावांत हंगामी वसतिगृहे सुरू झाली. साखरशाळेत मूल आईबापांजवळ राहते. पण पहाटे आईबाप फडात गेले की धाकटे भावंड सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते. हंगामी वसतिगृहात ते गावी राहून आपल्याच शाळेत टिकते. तत्त्वतः दुसरा उपाय अधिक चांगला आहे, परंतु तो वेळेवर उघडणाऱ्या व नीट चालणाऱ्या वसतिगृहावर अवलंबून आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत प्रत्येकी दोन, अशी ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर केली. उसाचा धंदा जोडला गेल्यापासून ही गोष्ट व्हावयास अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. शाहू महाराजांच्या पहिल्या वसतिगृहापासून मोजल्यास १२० वर्षे झाली.

(७) मुलींचा प्रश्न

हीच गोष्ट मुलींच्या बाबतीत अधिक कठोर रूपाने दिसते. मुलगा गावी आजीजवळ ठेवता येतो. वयात आलेल्या मुलीस सहा महिने गावी एकटे ठेवण्यास आईबाप धजत नाहीत आणि फडावर नेण्यासही भितात. उरतो तो मार्ग विवाहाचा. त्यातच कोयत्याचा हिशेब जोडप्याचा असल्यामुळे मुलाच्या घरासही लवकर सून आलेली हवी असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ ८०७ होत्या. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. तेव्हा पाहणी झालेल्या सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

या सर्व आकड्यांचा उगम केवळ अज्ञानात वा रूढीत शोधणे बरोबर होणार नाही. रूढीचा भाग आहेच. पण ज्या घरास मुलीच्या सुरक्षित निवासाची सोय मिळाली त्याच गावात त्याच जातीच्या घरातून परिचारिका, शिक्षिका व पोलीस शिपाई झालेल्या मुलीही निघाल्या आहेत. मुलींचे शुल्क माफ करण्याचे धोरण राज्याने शालेय स्तरापासून आरंभून २०२४ मध्ये व्यावसायिक शिक्षणापर्यंत विस्तारले. धोरण स्तुत्य आहे. तथापि जी मुलगी नववीतच पटावरून कमी झाली तिच्यापर्यंत ते पोचत नाही.

(८) एक तुलना : मॉरिशस

साखर आणि उचल यांचा संबंध मराठी माणसास नवा नाही. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मॉरिशस बेटावरील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी मजूरही होते आणि त्यांच्या वंशजांनी आपली मराठी ओळख आजवर जपली आहे. तेथील जीवन कष्टाचे व अपमानाचे होते. परंतु मजूर एकदा मळ्यावर स्थिरावला म्हणजे त्याचे मूल वर्षभर एकाच ठिकाणी असे. त्या बेटास १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. मे १९७५ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. शाळा जवळ होती, मूल गावातच होते; शुल्क हीच मुख्य अडचण असल्यामुळे ती दूर होताच परिणाम दिसला.

योगायोग असा की, १९७४ मध्ये मराठवाड्यातील विद्यार्थीही विकास आंदोलनात रस्त्यावर उतरले होते. त्यांनी मागितले ते रोजगार, सिंचन व रेल्वे. मागण्या न्याय्य होत्या व गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्याचे मार्गदर्शन त्यांस लाभले. पण महाविद्यालयापर्यंत पोचलेल्यांचे ते आंदोलन होते; दिवाळीनंतर पटावरून नाहीशा होणाऱ्या मुलाचा प्रश्न त्यांच्या यादीत अग्रभागी नव्हता. मॉरिशसचा मजूर समुद्र ओलांडून एकदाच गेला. बीडचा मजूर दरवर्षी जातो व दरवर्षी परत येतो. म्हणून तेथे जो उपाय पुरला तो येथे पुरत नाही.

(९) आजची स्थिती

आजचा तरुण पूर्वीपेक्षा अधिक शिकलेला आहे. २०११ मध्ये जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. परंतु शिक्षणाबरोबर वाढलेल्या आकांक्षेस जिल्ह्यात पुरेसे काम नाही. सैन्यभरती, पोलीसभरती व स्पर्धा परीक्षा यांकडे त्याचा ओढा आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावण्याचा सराव करणारी मुले हे येथील नित्याचे दृश्य होय. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी कित्येक किलोमीटरची वाट तुडवीत असे. सैन्यात दाखल झाल्यावर त्यास शिस्तबद्ध निवास, आहार व प्रशिक्षण लाभले. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. पाटोद्याकडील राहुल आवारे यास पुण्याच्या तालमीने घडविले. २०१८ मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. गुण गावातलेच होते. पण ते फुलले ते बराकीत व तालमीत, म्हणजे निवासी शिस्तीत.

याच पार्श्वभूमीवर आरक्षणाचा प्रश्न पाहावयास हवा. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन तीव्र झाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड व माजलगाव येथे जाळपोळ झाली. पाठोपाठ इतर मागासवर्गीयांचीही प्रतिआंदोलने उभी राहिली. दोन्ही बाजूंस तरुणांचाच भरणा होता. जमीन आटली, पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी नाही, अशा स्थितीत नोकरीतील व प्रवेशातील प्रत्येक जागा जिवाच्या मोलाची होते. शेजारी राहणारे दोन समाज एकाच अरुंद दारापुढे एकमेकांस लोटीत आहेत. दार कोणासाठी किती उघडावे याचा निर्णय न्यायालये व विधिमंडळे करतील. दार अरुंद का राहिले, याचा शोध घेणे हे इतिहासाचे काम आहे.

(१०) उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बीड जिल्ह्यातील तरुणास संधीसाठी गाव सोडावेच लागले आहे. काळ बदलला तरी हे बदलले नाही. दुसरी, गाव सोडण्याच्या वाटा दोन : एक वसतिगृहाकडे जाणारी, दुसरी फडाकडे जाणारी. कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल हे बुद्धीने क्वचित ठरले. बहुधा ते जमिनीच्या प्रतीने, जातीने व मुलगी की मुलगा यावरून ठरले. तिसरी, राज्यसंस्थेने शाळा, महाविद्यालये व शुल्कमाफी यांकडे लक्ष दिले त्या मानाने निवासाकडे फार उशिरा व फार थोडे दिले. हिप्परग्याच्या शिक्षकांना जे १९२१ मध्ये कळले होते ते धोरणात उतरण्यास एक शतक लागले.

या विषयाची साधने अद्याप फारशी हाताळली गेलेली नाहीत. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मूल कोणत्या तारखेस आले व कोणत्या तारखेस नाव कमी झाले हे लिहिलेले असते. १९५० पासूनच्या अशा नोंदवह्या डोंगरपट्ट्यातील व खोऱ्यातील काही निवडक गावांपुरत्या जरी तपासल्या, आणि त्यांच्या शेजारी कारखान्यांच्या गळीत हंगामाच्या तारखा व त्या त्या वर्षीचे पर्जन्यमान मांडले, तरी या जिल्ह्यातील तीन पिढ्यांचा इतिहास वर्षावर्षाने उभा राहील. मुकादमांच्या उचलीच्या वह्या व वसतिगृहांची हजेरीपत्रके ही त्यास पूरक साधने होत. जुन्या नोंदवह्या वाळवीस व ओलीस बळी पडत आहेत. तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. बीड, केज, पाटोदा या भागांतून पदव्युत्तर वर्गात येणारे विद्यार्थी स्वतः या इतिहासाचे वारस आहेत. आपल्या गावच्या शाळेची एक नोंदवही प्रत्येकाने उतरून आणली तरी आपल्या विभागाच्या संग्रहात मोलाची भर पडेल, आणि पुढील वसतिगृह कोठे हवे व ते वर्षाच्या कोणत्या महिन्यात उघडावयास हवे, हे सांगण्याचा अधिकारही त्या अभ्यासास प्राप्त होईल.